बाकीच्यांची हाडे

दोन पेडगावे मला ठाऊक आहेत. एक म्हणीतले. वेड पांघरून ज्या पेडगावला जायचे ते भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले पेडगाव. तेथे बहादूरगड आहे, आणि १६८९ सालच्या फेब्रुवारीत कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे तेथेच आणण्यात आले. दुसरे पेडगाव माझे. ते परभणी तालुक्यातले, काळ्या मातीचे, ज्वारी-कापसाचे. त्याला म्हण नाही आणि बखरही नाही. शाळेत इतिहास शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. संभाजी महाराजांचा धडा आला की दरवर्षी एखादा मुलगा हात वर करून विचारी, "सर, ते पेडगाव आपलंच का?" नाही म्हणताना मला उगीचच ओशाळल्यासारखे होई. ज्या गावात कोणी मोठा माणूस मेला नाही त्या गावाला जणू इतिहासच नाही, असे मुलाच्या चेहऱ्यावर दिसे.

कोणाचे मरण इतिहासात जाते आणि कोणाचे जात नाही, हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकाने घातला नाही. तो घातला माझ्या काकूने, आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात, १९७३ सालच्या कार्तिकात. त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी नामदेवांच्या समाधीच्या अभंगांपाशी येऊन पोचलो. आज पन्नास वर्षांनंतर वाचकांपुढे ठेवतो आहे ती त्या शोधाची हकीकत होय.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन आणि खडी फोडून मराठवाड्याने ते वर्ष काढले. ज्याच्यापाशी दोन पैसे किंवा नुसतीच उमेद होती त्याने त्या उन्हाळ्यात विहीर खणायला काढली. माझ्या धाकट्या काकांनीही काढली. काका माळकरी होते. सप्ताहात मध्यरात्रीनंतरचा विण्याचा पहारा ठरलेला त्यांचा. विहिरीवर ते स्वतः राबत, आणि मदतीला दोन मजूर होते. ते दुधनेपलीकडच्या एका गावाहून कामाच्या शोधात आलेले. काळ्या मातीची विहीर ही फसवी असते. वरची माती उन्हाने भेगाळते, खाली पांढरी लागते, मग मुरूम. बांधकाम होईपर्यंत तिच्या कडांचा भरवसा नसतो. बांधकामाला पैसा पुढल्या सुगीत मिळणार होता. मृगाचा पहिला पाऊस झाला, भेगांत पाणी मुरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीची एक दरड खाली आली. विहिरीत तिघे होते.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. तिघांनाही वर काढायला रात्र उजाडली. काकांचे सारे यथासांग झाले. दहाव्याला गाव लोटला. त्या दोघांची प्रेते एका बैलगाडीत घालून त्यांच्या गावी धाडली. त्यानंतर आमच्या घरातले कोणीही त्या गावी गेले नाही. हे आज लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा ते कोणाला खटकलेसुद्धा नाही. घरात कर्ता माणूस गेला होता, दुःखाला दुसरीकडे पाहायला सवड नव्हती.

पाच महिन्यांनी कार्तिक वद्य त्रयोदशी आली. दिवाळीनंतर महिन्याभराने येणारी ही तिथी वारकऱ्याच्या घरी विसरली जात नाही. शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, ह्याच दिवशी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. आमच्या देवळात त्या दिवशी समाधीचे कीर्तन होते. त्या वर्षी कीर्तनकारांनी ज्ञानदेवांची समाधी सांगून झाल्यावर काकांची आठवण काढली, आणि ओघातच ते मंगळवेढ्यावर आले. चोखोबा कूस ढासळून गेले. पुढे नामदेव तेथे गेले. हाडांच्या राशीतून त्यांनी एक एक हाड कानाशी लावले. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पदरात घालून पंढरीला नेली. कीर्तनकार म्हणाले, आपल्या ह्या माळकऱ्याच्या हाडांतूनही तोच ध्वनी निघत असेल. सारे देऊळ हुंदके देऊ लागले. मीही रडलो.

घरी परतताना काकू माझ्या शेजारून चालत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन् बाकीच्याइची हाडं कोनी उचलली रे, बाबा?"

मला वाटले, ती मंगळवेढ्याविषयी विचारते आहे. मी म्हणालो, "काकू, ते काही कीर्तनात सांगितलं नाही." ती पुढे काही बोलली नाही.

असो. पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, आणि हे अभंग हाती घेऊन वाचू लागलो. महाराष्ट्र शासनाने १९७० साली नामदेवांची गाथा छापली. तीत नामदेवांच्या नावावरचे 'समाधी'चे प्रकरण आहे. ते आपल्या भाषेतील मृत्यूविषयीचे पहिले मोठे काव्य होय असे मी म्हणतो. त्याचा विचार आधी केल्याखेरीज काकूच्या प्रश्नाकडे जाता येत नाही.

प्रथम इतिहासाचा खडा निवडून टाकू. हे अभंग समाधीच्या वेळी हजर असलेल्या नामदेवांचेच आहेत काय? परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म १२७० चा. म्हणजे समाधीच्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते. आणि अभंगांत तर त्यांचे चारही मुलगे समाधीची जागा झाडून स्वच्छ करताना दिसतात. सव्वीस वर्षांच्या माणसाचे चार मुलगे हाताशी आलेले असावेत हा हिशेब जुळत नाही. शिवाय नामदेवांच्या मुद्रेने पुढे इतरांनीही रचना केली, आणि विष्णुदास नामा नावाच्या दुसऱ्या कवीचे काव्य ह्या काव्यात मिसळले, हे अभ्यासकांनी दाखविले आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' ह्या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने तर ज्ञानदेवच दोन होते, असा वाद मांडून विद्वानांची झोप उडविली होती. तेव्हा ह्या प्रकरणातला प्रत्येक अभंग १२९६ सालचा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि एक गोष्ट वाद घालणाऱ्याला विसरता येत नाही. महाराष्ट्राने शतकानुशतके ज्ञानदेवांचे जाणे पाहिले ते ह्याच अभंगांतून. साक्षीदाराची जबानी म्हणून ती कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. समाजाने आपल्या अत्यंत प्रिय माणसाच्या मरणाचा अर्थ कसा लावला, ह्याचा पुरावा म्हणून ती अस्सल आहे.

आता त्या अभंगांत काय आहे ते पाहू. ज्ञानदेव समाधीची आज्ञा मागतात. देव पंढरीहून संतमेळ्यासह आळंदीला येतो. एकादशीचा जागर होतो, द्वादशीचे पारणे होते, त्रयोदशी उजाडते. जागा झाडली जाते. एका हाताला देव आणि दुसऱ्या हाताला निवृत्तिनाथ, असे धरून ज्ञानदेवांना आत नेऊन बसवितात. पुढ्यात ज्ञानेश्वरी ठेवतात. ज्ञानदेव तीन वेळा हात जोडतात आणि डोळे मिटतात. निवृत्तिनाथ बाहेर येतात आणि समाधीला शिळा बसते. वय उणेपुरे एकवीस.

ही घटना मरणाची आहे की अमरत्वाची? परंपरा तिला 'संजीवन समाधी' म्हणते. ज्ञानदेव मेले, असे कोणताही वारकरी म्हणत नाही. ते आत बसले आहेत असे म्हणतो. आणि स्वतः ज्ञानदेवांचे मत तर स्पष्ट होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर लिहिताना त्यांनी वाऱ्याने हललेल्या पाण्याचा दाखला दिला आहे. वारा सुटला, पाण्यावर लाट उठली. वारा थांबला, पाणी सपाट झाले. ह्यात जन्मले काय आणि मेले काय? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे समाधीच्या सहा वर्षे आधीची. हा दाखला लिहिणाऱ्याच्या भोवती त्या दिवशी जी माणसे जमली होती ती सारी त्याच विचाराची. निवृत्तिनाथ तर त्यांचे गुरू. लाट आणि पाणी ह्यांची गोष्ट ज्ञानदेव ज्यांच्याकडून शिकले ते हे.

आणि नेमके तेच ह्या काव्यात सर्वांत अधिक कोलमडतात. शोक कोणी करावा हे जर नामदेवांना ठरवायचे असते, तर शोकाला मुक्ताई होती, सामान्य जन होते. पण कवीने सर्वांत मोठा शोक ठेवला तो योगी असलेल्या थोरल्या भावाच्या तोंडी. आईबाप टाकून गेले तेव्हाही असे झाले नव्हते, असे तो म्हणतो. आणि त्या शोकाला दिलेल्या उपमा शास्त्रातल्या नव्हेत, शेतातल्या आहेत. पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानभर पांगावे. तळ्याचा बांध फुटावा. हरिणी नसलेल्या ठिकाणी पाडसांनी दिशा धुंडाळीत फिरावे. ह्या तिन्ही चित्रांत मेलेला कोणी दिसत नाही. गवत आहे, पाणी आहे, पाडसे आहेत. ती सारी जिवंत आहेत, फक्त त्यांना एकत्र ठेवणारे काही उरलेले नाही.

माझ्या मते ह्या काव्याचा सारा अर्थ येथे आहे. आत बसलेला अमर आहे की नाही हा वाद नामदेव घालीतच नाहीत. ते त्यांनी गृहीत धरले आहे. शिळा बसते, आणि कवितेचा जीव बाहेर राहिलेल्यांकडे वळतो. लाटेच्या दृष्टीने पाहिले तर काहीच घडले नाही, आणि पेंढीच्या दृष्टीने पाहिले तर सर्व काही घडले. दोन्ही खरे आहे. ज्ञान माणसाला मरणाचे भय घालवून देते, परंतु दुसऱ्याच्या मरणाने पडलेली पोकळी भरून देत नाही. एवढे थोर सत्य एवढ्या साधेपणाने सांगणारा कवी पुढे फारच क्वचित झाला. त्या पेंढीचे पुढे काय झाले तेही इतिहास सांगतो. सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताई तापीतीरी मेहूणला, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. परंपरेच्या तिथ्या धरल्या तर वर्ष पुरे व्हायच्या आत चौघांपैकी एकही उरला नाही.

मग अमरत्व कोठे राहिले? ह्याचे उत्तर देणारी कथा तीनशे वर्षांनी आमच्या मराठवाड्यातल्याच एका माणसाने दिली. पैठणच्या एकनाथांना स्वप्न पडले. समाधीत बसलेले ज्ञानदेव त्यांना म्हणाले की, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, येऊन ती काढ. एकनाथ आळंदीला गेले आणि त्यांनी ती काढली, असा एक अभंगच त्यांच्या नावावर आहे. ह्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या नकलांमध्ये ग्रंथात शिरलेले अपपाठ त्यांनी काढून टाकले. गळ्याला लागलेली मुळी आणि ग्रंथात शिरलेले अपपाठ ही एकाच कामाची दोन नावे असावीत असे मला वाटते. ते काही असो. कथेतली खरी गोष्ट अशी की, अमर झालेल्यालाही गळ्याला मुळी लागते, आणि ती त्याची त्याला काढता येत नाही. बाहेरच्या कोणालातरी जावे लागते. नामदेवांच्या मुलांनी जागा झाडली, एकनाथांनी मुळी काढली. अमरत्व ही गेलेल्याची मिळकत नाही. ते राहिलेल्यांच्या अंगावर पडलेले काम आहे. कोणी ते केले नाही तर संजीवन समाधी आणि नुसता दगड ह्यांत फरक राहणार नाही.

येथपर्यंत आलो तेव्हा मला वाटले, काम झाले. पण काकूचा प्रश्न ज्ञानदेवांविषयी नव्हता. ज्ञानदेवांनी आपले मरण निवडले. तिथी निवडली, जागा निवडली. साक्षीला देव आला. असे मरण किती जणांना मिळते? तेव्हा नामदेवांच्याच नावावरच्या दुसऱ्या मरणाकडे जावे लागते.

परंपरा चोखोबांचे मरण शके १२६० चे, म्हणजे १३३८ सालचे सांगते. तेव्हा ज्ञानदेवांना जाऊन बेचाळीस वर्षे झाली होती, आणि नामदेव अडुसष्ट वर्षांचे होते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम निघाले. महार मंडळींना त्या कामाला लावले होते. कूस ढासळले आणि काम करणारे खाली गाडले गेले. येथे तिथी निवडलेली नाही, जागा झाडलेली नाही, देवाने हात धरलेला नाही. शिळा येथेही आहे, पण ती कोणी हळुवारपणे बसविलेली नाही. काही काळाने देव नामदेवांना सांगतो, जा आणि माझ्या चोख्याच्या अस्थी आण. नामदेव विचारतात, एवढ्या हाडांत त्या ओळखू कशा? आणि मग ती नामाच्या ध्वनीची खूण.

कीर्तनात ह्या कथेचा अर्थ एकच सांगतात. भक्ताच्या हाडांतही नाम मुरलेले असते. अर्थ गोड आहे, खोटाही नाही. पण त्यात एक धोका आहे. ज्याच्या हाडांतून नाम निघाले तो अमर, आणि ज्याच्या निघाले नाही तो मातीमोल, असा त्याचा उलटा अर्थ निघतो. काकूला तो खुपला होता. वेठीला राबून मेलेल्यांतही पुन्हा निवड व्हावी, हे तिला पटले नव्हते.

मी ह्या कथेवर पुष्कळ वर्षे विचार केला. आज मला दिसते ते असे. ध्वनी हाडांत असेलही. पण तो ऐकणारा कान नामदेवांचा होता. पन्नास वर्षे ज्याच्याबरोबर भजन केले त्याचा आवाज ते शोधीत होते. दुसऱ्या कोणाचे हाड त्यांच्याशी बोलले नाही, कारण त्यांची ओळख नव्हती. त्या राशीतल्या प्रत्येक हाडाला ओळखणारा एक कान कोठेतरी होता. एखादी आई होती, एखादी बायको होती. तिला स्वप्नात देवाने जा म्हणून सांगितले नाही, सांगितले असते तरी तिला कोणी पंढरीपर्यंत वाट दिली नसती, आणि तिच्यापाशी अभंग नव्हता. म्हणून ती हाडे मुकी राहिली.

आणि तरीही ह्या कथेने एक गोष्ट केली आहे, तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. नामदेव एकटे चोखोबांचे हाड उचलताना दाखविले असते तर चालले असते. कथेने रास दाखविली. एकाला ओळखण्यासाठी आधी अनेक दाखवावे लागले. चौदाव्या शतकात गावकुसे बांधताना, किल्ले चढविताना, बारवा खणताना किती माणसे दबून मेली असतील! दानपत्रांत दात्याची नावे असतात, मेलेल्या मजुरांची नसतात. त्या साऱ्यांतून मराठी मनात उरली ती ही एक रास, आणि ती चोखोबांमुळे उरली. बाकीची हाडे कोणी उचलली हा प्रश्न काकू विचारू शकली, कारण बाकीची हाडे होती हे त्या कथेने लपविले नाही.

पण कथा सांगून समाजाची सुटका होत नाही, हेही इतिहासाने दाखविले आहे. नामदेवांनी अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली. समोर झाली, आत नाही. जिवंतपणी ज्या दारापाशी उभे राहावे लागले त्याच दारापाशी अमर झाल्यावरही राहावे लागले. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि त्यानंतर ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. १३३८ पासून १९४७ पर्यंत सहाशे नऊ वर्षे होतात. सहाशे नऊ वर्षे आपण चोखोबांना संत म्हणत होतो, त्यांच्या हाडांतल्या नामाची कथा ऐकून रडत होतो, आणि त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना त्याच दारातून परत पाठवीत होतो. मेलेल्याला अमर म्हणणे हे जिवंताला जागा देण्यापेक्षा स्वस्त पडते. ही गोष्ट फक्त पंढरपूरची नाही. आमच्या घरातलीही आहे, ते पुढे सांगतो.

त्याआधी नामदेवांचे स्वतःचे मरण. दोन मरणे सांगणाऱ्या ह्या माणसाने तिसऱ्या वेळी काय केले? परंपरा सांगते की, शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला ते पंढरीच्या महाद्वारात पायरीखाली गेले. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागितली. त्यांच्याबरोबर त्यांचे सारे घर गेले, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाईही गेली, असे म्हणतात. नामदेवांचे मूळ गाव म्हणून परंपरा ज्या नरसीचे नाव घेते ते गावही १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते; आता ते हिंगोलीत आहे. ह्या मरणाचा अर्थ मात्र कीर्तनात नम्रतेपलीकडे जात नाही. मला त्यात दुसरेही काही दिसते. ज्ञानदेवांच्या समाधीत देव आणि गुरू ह्यांच्याखेरीज कोणी गेले नाही. नामदेवांच्या पायरीखाली दासी आहे, सुना आहेत, मुले आहेत. आणि पायरी आहे ती चोखोबांच्या समोर. पंढरीत सारी जागा मोकळी असताना ज्या दारापुढे मित्राला ठेवावे लागले त्याच दारात, उंबऱ्याच्या खाली, आपल्या सगळ्या माणसांसह जाऊन राहणे, ह्याला नुसती नम्रता म्हणणे अपुरे आहे. आपण एकच हाड उचलून आणले ह्याची बोच त्यांना राहिली नसेलच, असे कोणी सांगावे? ह्याला पुरावा नाही. हा माझा वाचण्याचा मार्ग आहे, आणि तो तसाच समजावा.

आता काकूकडे येतो. त्या रात्री मी तिला मंगळवेढ्याचे उत्तर दिले होते. तिने विचारले होते ते आमच्या विहिरीविषयी. हे मला कळायला अकरा वर्षे लागली. १९८४ च्या कार्तिकात मी सुटीला पेडगावी आलो असता त्रयोदशीच्या संध्याकाळी ती कंदील घेऊन शेताकडे निघालेली दिसली. मी सोबत गेलो. विहीर केव्हाच बुजली होती. वर बाभळी उगवल्या होत्या. तिने पदराखालून तीन पणत्या काढल्या, तेल घातले आणि तीन दगडांच्या आडोशाला लावल्या. दरवर्षी ती हे करीत होती आणि घरात कोणालाही ठाऊक नव्हते. मी विचारले, "काकू, तीन का?" माझ्याकडे तिने असे पाहिले की, मी पुन्हा चौदा वर्षांचा झालो. "तिघं व्हते ना रे," ती म्हणाली.

मग तिने मला काम सांगितले. त्या दोघांची नावे काढून आण. कर्ता होता तो माझा होता, त्याचे नाव गाव घेते. ह्या दोघांनी माझ्या विहिरीत जीव दिला, आणि दिवा लावताना मला त्यांना काय म्हणावे ते कळत नाही.

मी दुधनेपलीकडच्या त्या गावी तीन वेळा गेलो. पहिल्या खेपेला कोणी ओळख देईना. अकरा वर्षांनी कोणी विचारायला येते ते कशासाठी, असा संशय लोकांना आला, आणि तो वाजवी होता. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या बाईने एकाचे नाव सांगितले. तो तिच्या शेजारचा. त्याची बायको लेकरांना घेऊन मुंबईकडे गेली ती परतली नव्हती. दुसरा त्या गावचा नव्हताच. तो वाटेत भेटला आणि कामाला बरोबर आला, एवढेच तिला आठवत होते. बैलगाडी आली त्या रात्री गावकऱ्यांनी दोघांनाही एकाच ठिकाणी अग्नी दिला. तो कोठला, हे विचारायला कोणी उरले नव्हते. म्हणजे आमच्या बेपर्वाईने टाकलेला तो परका मनुष्य त्या गावाने आपला म्हणून उचलला होता. बाकीच्यांची हाडे कोणी उचलली, ह्या प्रश्नाचे एवढे उत्तर मला मिळाले.

परत येऊन मी काकूला सांगितले. तिने एक नाव मनाशी दोनदा म्हटले. दुसऱ्याविषयी म्हणाली, "नाव नसलं तरी तेल तेवढंच लागतं." पुढल्या वर्षापासून समाधीच्या कीर्तनात काकांच्या नावाबरोबर ते दुसरे नाव घेतले जाऊ लागले, आणि तिसऱ्यासाठी कीर्तनकार क्षणभर थांबतात. ते नाव मी येथे छापत नाही. ज्यांचा तो माणूस त्यांना मी अजून गाठू शकलेलो नाही, आणि त्यांना न विचारता ते छापण्याचा हक्क मला नाही. आमच्या घरच्या ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र ते लिहिलेले आहे. काकांच्या नावाखाली ते नाव आहे, आणि त्याखाली एक ओळ रिकामी आहे.

काकू १९९८ साली गेली. ज्ञानदेव अमर आहेत की नाही, ह्याविषयी ती कधी बोलली नाही. मी मात्र एवढे समजलो की, नामदेवांच्या त्या दोन मरणांमध्ये जो प्रश्न उघडा राहिला आहे तो बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला उद्देशून आहे. शिळा बसल्यावर आतल्याचे काय झाले हे देवाला ठाऊक. बाहेर जागा झाडायची असते, मुळी काढायची असते, हाडे उचलायची असतात, आणि ती उचलताना आपल्या कानाला सवयीचा नसलेला आवाजही ऐकायचा असतो.

ह्या दिवाळीचे दिवे मालवल्यावर महिन्याभराने पुन्हा त्रयोदशी येईल. तीन पणत्या मी आताच बाजूला काढून ठेवल्या आहेत. आता एखाद्या मुलाने, ते पेडगाव आपलंच का, म्हणून विचारले तर मी त्याला त्या संध्याकाळी शेतावर बरोबर घेऊन जाईन.